मोठ्या माणसाला वाचायला शिकवताना

पहिल्या दिवशी पाटी काढू नका. मी काढली होती. समोरच्या आजोबांनी ती उलटी करून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. साठीच्या माणसापुढे पाटी ठेवली की आपण त्याला न बोलता 'बाळ' म्हणतो. तेव्हापासून वही आणि चांगलं पेन. याला आता अडतीस वर्षं झाली, आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे: मोठ्यांना अक्षर जड जात नाही, लाज जड जाते. ती वाढेल असं काही करायचं नाही.

'लहानपणी का शिकला नाहीत?' हा प्रश्न तर चुकूनही विचारू नका. 'काय वाचायचंय?' एवढंच विचारा. उत्तरं फार नेमकी येतात. औषधाच्या पाकिटावरची तारीख. मोबाइलमधली नावं. नातीच्या शाळेची चिठ्ठी. एका बाईंना कोर्टाचा कागद वाचायचा होता, स्वतःच, कुणाला न दाखवता. ही उत्तरं वहीत लिहून ठेवा, पुढचे धडे त्यातूनच निघतात.

मग डोळे. कागद हात लांब करून धरतात का ते पाहा. चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो आपण, तरी वर्गात विसरतो. एक बाई लक्ष देत नाहीत म्हणून मी तीन महिने मनातल्या मनात चिडत होते. त्यांना अक्षरच धूसर दिसत होतं. चष्मा आला आणि महिन्याभरात त्या इतरांच्या पुढे गेल्या. आता मी आधी नजर तपासून घ्यायला सांगते, धडा नंतर.

सुरुवात 'अ'पासून नको, त्याची वळणं हाताला अवघड. ग, म, भ, न बरे: प्रत्येकाला उजवीकडे उभी दांडी, आणि चारांतच 'मन', 'मग', 'नग', 'गगन' वाचता येतात. म आणि भ यांची गल्लत होणारच. म डोक्यावर पूर्ण रेघ घेतो, भ अर्धी, हे बोटाने गिरवून दाखवा.

चार-पाच दिवसांनी एक जिवंत शब्द घ्या. माझा आवडता 'काम'. आधी कामावर गप्पा होऊ द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. मग शब्द तोडा: का, म. दोघांची बाराखडी मांडा आणि गप्प बसा. 'मी' निघतो, 'कमी' निघतो, मग कुणीतरी ओरडतं, 'काका! काकू! मामा, मामी!' ही युक्ती माझी नव्हे. 1963 साली ब्राझीलमधल्या अंगिकोस गावात पावलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञांच्या गटाने सुमारे 300 कामकऱ्यांना 40 तासांच्या वर्गांत असंच शिकवलं. पोर्तुगीजमध्ये विटेला 'तिझोलो' म्हणतात. आधी विटेवर चर्चा, मग ति-झो-लो असे तुकडे, मग प्रत्येक तुकड्याची स्वरांची माळ. आपली बाराखडीच की! पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरींना तुरुंगात टाकलं.

पहिली वेलांटी उशिरा आणा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि बोलताना मागून येते, यावर माणसं अडतात आणि त्यांचं अडणं रास्त आहे. दुसरी वेलांटी आधी पक्की करा. रफार त्याच्याही नंतर. तो दिसतो पुढच्या अक्षरावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. 'कार्यकर्ता' शब्दात दोन रफार आहेत. आमच्या वर्गात तो शेवटी येतो आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात.

सही मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा, तिची भूक फार असते. पण तिथे थांबू नका. सही ही बऱ्याचदा पाठ केलेली नक्षी असते. युनेस्कोने 1958 साली साक्षर कुणाला म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा कसोटी लावली ती रोजच्या जगण्याविषयीचं साधं, छोटं विधान समजून वाचता आणि लिहिता येण्याची. मी नाव सोडून एक ओळ मागते. 'आज पाणी आलं नाही' चालेल.

हिशेब शिकवायला जाऊ नका. तोंडी हिशेबात ते तुम्हाला हरवतील. फक्त आकडे लिहायला दाखवा.

हजेरी घेऊ नका. वेळ त्यांनी ठरवायची, तासाभरापेक्षा जास्त नाही. चार दिवस कुणी दिसलं नाही तर भेटायला जा, पण वर्गाचा विषय काढू नका. चहा मिळाला तर प्या आणि परत या. बहुतेक जण येतात. काही येत नाहीत, आणि त्याचं वाईट वाटणं वयाबरोबर कमी होईल असं मला वाटलं होतं.

शेवटचं, जे मला अजून जमलेलं नाही. जो थोडा पुढे गेला त्याला मागच्याला शिकवू द्या, आणि मध्ये बोलू नका. माझा हात आता थरथरतो, फळ्यावर शिरोरेघ सरळ येत नाही; ती वर्गातल्या एक जणी ओढतात. त्या 'घ' आणि 'ध' शिकवत असतात तेव्हा मी मागच्या चटईवर तोंडावर पदर धरून बसते, नाहीतर मधेच काहीतरी सुचवते.