"गोळ्या घेता ना?" असं विचारू नका

नर्सिंगला कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे गावात घरोघरी भेटी द्यायचं काम, लागलं की वॉर्डात रमलेल्या मुलींची तोंडं उतरतात. पेपर अंथरून बॅग ठेवणं, हात धुणं हे तुम्हाला येतंच. त्यात चुकलात तर फार तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मार्क जातील. खरी फसगत प्रश्न विचारताना होते. माझीही झाली.

गरोदर बाईला मी विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेता ना?" ती म्हणाली, "हो." फॅमिली फोल्डरमध्ये, म्हणजे त्या घराच्या नोंदींच्या फाइलमध्ये, टिक. नंतर आशाताई आल्या नि म्हणाल्या, "आण गं पाकिटं, बघू." डब्यांच्या मागून न फोडलेल्या पट्ट्या निघाल्या.

प्रश्नाला "ना" लावला की उत्तर "हो"च येतं. समोर एप्रनवाली, उंबऱ्यात सासू. नाही कोण म्हणणार? चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 गोळ्या पोटात जायला हव्यात. म्हणून पट्टी हातात घ्या, रिकाम्या जागा मोजा, माता-बाल कार्डावरच्या तारखेशी ताडून बघा. हिशेब लागला नाही तर ओरडायचं नाही. फक्त विचारा, "घेतल्यावर काय होतं?" मग एकेक बाहेर येतं: मळमळतं, संडास काळी होते, बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल असं शेजारीण म्हणाली. संडास लोहामुळे काळी होते, घाबरायचं काही नाही. गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यायला सांगा. आणि हे सगळं सासूबाईंना सोबत बसवून. त्यांना वगळलंत तर तुमची पाठ फिरताच पट्ट्या परत डब्यामागे.

जुलाबात द्यायच्या ओआरएसचंही तेच. "येतं ना करता?" नको, करून दाखवायला सांगा. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात जायला हवं. पेल्याला चिमूट असा हिशेब करणारी घरं भेटतील.

सिनियरचं जर्नल, म्हणजे घरभेटींची वही, उतरवून काढायचा मोह सगळ्यांना होतो. खुशाल उतरवा, पण मग गेल्या वर्षी बाळंत झालेली बाई यंदाही सातव्या महिन्यातच राहते आणि एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या, ते बरोबर लक्षात येतं. माझं स्पष्ट मत आहे की कम्युनिटी शिकवतात त्या आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर. आमच्या मॅडम यायच्या त्या एप्रनची इस्त्री बघायला. सकाळी दहानंतर निम्म्या घरांना कुलूप असतं, बायका खुरपणीला गेलेल्या असतात. कोण कधी सापडेल हे आशाताईंना तोंडपाठ असतं. त्यांच्या मागे मागे फिरा, त्यात कमीपणा नाही.

सुरुवातीचे काही दिवस लोक दारातूनच परत पाठवतील. सगळ्यांनाच पाठवतात, मनाला लावून घेऊ नका. कुणी चहा दिला तर घ्या, आणि तो पिता पिताच पट्ट्या मागा.