सोलापुरात कुटुंबाचा जेनोग्राम कसा काढावा

जेनोग्राम म्हणजे कुटुंबाच्या पिढ्या आणि नाती खुणा-रेघांनी दाखवणारा आराखडा. तो काढायला गृहभेटीत विद्यार्थी ‘घरात कोण कोण आहे?’ असं विचारतात आणि उत्तरात आलेली नाती जशीच्या तशी उतरवून घेतात. सोलापुरात इथंच घोटाळा होतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत नांदतात. कन्नड घरातली ‘अव्वा’ म्हणजे आई, तेलुगू घरातली ‘अव्वा’ म्हणजे आजी. मराठी घरात वडिलांना ‘अण्णा’ म्हणतात, शेजारच्या तेलुगू घरात थोरला भाऊ ‘अण्णा’. दखनीत ‘नाना’ आईचे वडील, तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे खुद्द बाप. म्हणून नात्याचं नाव लिहून थांबू नका, रेघ काढा. कोण कोणाच्या पोटचं आणि कोणाचं लग्न कोणाशी, एवढंच रेघ सांगते.

ए-फोर कागद आडवा धरा. पेन्सिल आणि खोडरबर हवंच, पेन नको. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. जिच्याशी बोलताय तिच्या खुणेला दुहेरी कड. मृत व्यक्तीच्या खुणेवर फुली, वय आत. लग्नाच्या रेघेच्या डाव्या टोकाला नवरा, उजव्या टोकाला बायको. मुलं खाली, थोरलं डावीकडे. वेगळे राहत असतील तर लग्नाच्या रेघेवर एक तिरपा काप, घटस्फोटाला दोन. तीन पिढ्या पुऱ्या करा. त्याला पाऊण ते एक तास लागतो.

तेलुगूत मामा आणि सासऱ्याला एकच शब्द चालतो, आत्या आणि सासूलाही. मराठीतले मामंजी-आत्याबाई आठवा. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी, काही घरांत सख्ख्या मामाशीही लग्न करण्याची रीत यामागं आहे. तेव्हा बाई ‘मामा’ म्हणाली की ‘हे तुमच्या आईचे सख्खे भाऊ का?’ असं सरळ विचारा. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामा-भाचीच्या लग्नात भाचीचं वर्तुळ तिच्याच पिढीत ठेवा आणि रेघ वर तिरपी न्या. तो माणूस कागदावर दोनदा काढला की घरात एक जण वाढतो आणि पुढची सगळी मोजणी चुकते. आश्चर्य चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्या घरात ही रोजची गोष्ट आहे.

‘मुलं किती?’ या प्रश्नाला पुष्कळदा फक्त मुलगे मोजून उत्तर येतं. ‘नांदायला गेलेल्या लेकी किती? देवाघरी गेलेलं लेकरू कुणी?’ असं वेगळं विचारा. दुसऱ्या प्रश्नानंतर थांबा, लगेच पुढचा प्रश्न नको. वय माहीत नसेल तर घटनेला बांधा. ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला केवढा होता?’ ‘पाळण्यात होता’ असं उत्तर आलं, तर जन्म 1992-93 च्या सुमारास धरा.

एका छपराखाली दोन चुली असू शकतात. जनगणनेतही एका स्वयंपाकात जेवणारे ते एक कुटुंब धरतात. तीच कसोटी लावा आणि एका चुलीवरच्या माणसांभोवती तुटक रेघ ओढा. रेशनकार्डावर विसंबू नका. वेगळी झालेली सूनही त्यावर एकत्र दिसू शकते.

विडी वळणारी बाई हात चालू ठेवून छान बोलते. तिला काम थांबवायला लावू नका, हजार विड्यांमागे मजुरी मिळते. मात्र तयार विड्या कारखान्यात पोचवायच्या वेळी जाऊ नका, नळाला पाणी येण्याच्या दिवशीही नको. दुभाषा बाहेरचा हवा. सुनेनं किंवा शाळकरी मुलीनं सासूचं बोलणं भाषांतरित केलं तर निम्मं गळतं, आणि मुलीनं ऐकू नये ते तिच्या कानावर पडतं.

संमती तिच्या भाषेत वाचून दाखवा आणि गुप्ततेची मर्यादा आधीच सांगा: मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक शोषण समजलं तर पोक्सो कायद्यानं (2012) कळवावंच लागतं. दोघांतला तणाव दाखवणारी नागमोडी रेघ घरच्यांसमोर कधीच काढू नका. कागद सासूच्या हाती गेला तर त्याचा त्रास सुनेला होईल. भांडण, मारहाण यांविषयी एकटीशीच बोला, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा. या रेघा त्याच संध्याकाळी पक्क्या प्रतीवर चढवा. प्रतीवर नाव नको, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवा.