तरुण वयातला पार्किन्सन आणि ऑफिस : साहेबांनो, या चुका टाळा

पार्किन्सन म्हटलं की हात थरथरणारे आजोबा आठवतात. चूक इथूनच सुरू होते. अभिनेता मायकल जे. फॉक्सला निदान झालं १९९१ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी; त्याने ते जाहीर केलं १९९८ मध्ये. पन्नाशीच्या आत निदान झालेले असे लोक तुमच्याही ऑफिसात असू शकतात, आणि काहींचा हात अजिबात थरथरत नाही.

‘सकाळी जमलं, मग दुपारी का नाही?’

सगळ्यात जास्त अन्याय या प्रश्नाने होतो. या आजारात मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी पडतं, ते लेव्होडोपाच्या गोळीने भरून काढतात. गोळीचा असर असेतो माणूस चटपटीत. तो उतरला की अंग जड, माऊससुद्धा हलत नाही. पेशंट याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. यात कामचुकारपणा कुठेच नाही. जेवणातल्या प्रथिनांमुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून बरेच जण ती जेवणाआधी अर्धा तास घेतात. आता तुमची मीटिंग लांबली आणि तिथेच जेवण मागवलंत, की त्याची पुढची दुपार गेलीच समजा. मीटिंगमध्ये त्याने गोळी काढली, तर पाण्याचा ग्लास पुढे सरकवा. बाकी काही बोलायची गरज नाही.

चेहरा वाचू नका

चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, आवाज बसतो. मग मूल्यमापनात शेरा पडतो, ‘उत्साह नाही’. असा शेरा मारण्याआधी त्याचं काम उघडून पाहा. उलटही होतं: औषधाने काहींचं अंग आपोआप हेलकावतं आणि कुजबुज सुरू होते, ‘पिऊन आलाय का?’

अक्षराचंही तसंच. ओळीच्या सुरुवातीला ठीक असतं, शेवटाकडे मुंगीएवढं होत जातं. सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत पाठवू नका. टाइप करू द्या, नाहीतर बोलून लिहिण्याची सोय द्या. आणि मागे उभं राहून बघत बसू नका, ताणाने थरथर वाढते.

‘त्रास नको म्हणून’ काम काढून घेणं

हेतू चांगला असतो, पण ज्याचं काम जातं त्याला ती बढती रोखल्यासारखीच वाटते. तरुण वयातला पार्किन्सन बहुधा सावकाश वाढतो, आणि बुद्धी बराच काळ शाबूत असते. ‘तुमच्या चांगल्या वेळा कोणत्या?’ असं सरळ विचारा आणि अवघड काम त्या वेळांत बसवा. झोपेची तक्रार आणि थकवा या आजारात नेहमीचाच, त्यामुळे उशिरा येण्याची किंवा घरून काम करण्याची मुभा फार उपयोगी पडते.

त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलं असेल, तर टीमला सांगायचं की नाही हे तोच ठरवेल.

डोस बदलला की चांगल्या वेळाही बदलतात. म्हणून ही चर्चा दर काही महिन्यांनी पुन्हा करा, फक्त ती त्याच्या ‘ऑफ’च्या वेळेत ठेवू नका.