लोअर आर्मचा तुटलेला बोल्ट: गॅरेजच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गाडीच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बोल्ट तोडला. तोडला असेच म्हटले पाहिजे, कारण तुटण्यापूर्वी चांगली दहा मिनिटे तो इशारा देत होता आणि मला तो ओळखता आला नव्हता. तुटलेला बोल्ट काढायचा कसा हे गॅरेजमध्ये कोणीही सांगते; हा इशारा कसा असतो हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

लोअर आर्मचा बोल्ट नुसता नटात बसलेला नसतो. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, त्या रबराच्या मध्यभागी पोलादी नळी असते आणि बोल्ट या नळीतून पार होऊन पलीकडच्या नटात, बहुतेकदा सबफ्रेमला (गाडीखालच्या आधाराच्या चौकटीला) आतून वेल्ड केलेल्या नटात, बसतो. नळी आणि बोल्ट यांच्यात अगदी बारीक फट असते. तिच्यात पाणी शिरून गंज चढला, की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेत असल्याने फट भरून जाते आणि दोन्ही भाग एकजीव होतात. अशा बोल्टावर पाना लावून जोर दिला तर तो थोडा फिरतो, पण हात सैल सोडताच पाना मागे येतो. नवख्याला वाटते की बोल्ट सुटू लागला आहे. प्रत्यक्षात बोल्टासोबत नळीही फिरत असते आणि पिळले गेलेले रबर तिला मागे ओढत असते. आट्यांमध्ये जाम झालेला बोल्ट असे करत नाही; तो जागचा हलतच नाही.

पान्याचे हे मागे येणे म्हणजेच तो इशारा. त्याकडे दुर्लक्ष करून जोर वाढवला, तर आट्यांमुळे बोल्ट बाहेर सरकू पाहतो, परंतु नळी ब्रॅकेटच्या, म्हणजे बुश धरणाऱ्या पत्र्याच्या पकडीच्या, दोन पाकळ्यांमध्ये अडकलेली असल्याने त्याला सरकायला वाव मिळत नाही, आणि शेवटी बोल्ट पिळवटून पहिल्या आट्यापाशी तुटतो. मी पाना बाजूला ठेवून इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट फिरवणारे यंत्र) हातात घेतली होती. गनमध्ये रबराचा हा झोका हाताला जाणवतच नाही, म्हणून निदान सुरुवातीला तरी बोल्ट लांब दांड्याच्या हातपान्यानेच तपासावा असे माझे ठाम मत झाले आहे.

बोल्ट तुटल्यावर एकाऐवजी दोन कामे उरतात: नळीत अडकलेला लांब भाग आणि नटात राहिलेला तुकडा. त्यांपैकी पहिले काम तुलनेने सोपे आहे. बुश बदलायचाच असेल तर बोल्टाच्या डोक्याकडील बाजूस, बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून पुढे-मागे चालणाऱ्या करवतीचे धातूसाठीचे पाते घालून बोल्ट नळीसकट कापावा. येथे ग्राइंडर मी टाळतो, कारण ठिणग्या थेट इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांवर उडतात. कापण्यापूर्वी गाडी पक्क्या स्टँडवर असावी आणि आर्मखाली जॅक लावलेला असावा, कारण काही रचनांमध्ये स्प्रिंगचा दाब आर्मवरच असतो आणि शेवटचा धागा तुटताच आर्म झटक्याने खाली येतो.

नटातला तुकडा हे खरे काम. माझा तुकडा पृष्ठभागापासून सुमारे चार मिलिमीटर आत तुटला होता आणि त्याचे तोंड तिरके होते. मी त्यावर सेंटर पंच मारला, परंतु उताराचा भाग आधी कानशीने किंवा लहान ग्राइंडिंग टोकाने सपाट केला नाही, त्यामुळे खूण मध्यापासून सरकली आणि ड्रिल एका बाजूच्या आट्यांकडे झुकले. त्या वाकड्या भोकात मी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला तुकडा आतून पकडून उलटा फिरवणारे हत्यार, ठोकून फिरवला. एक्स्ट्रॅक्टर फार कठीण पोलादाचा आणि म्हणूनच ठिसूळ असतो. तो आतच तुटला. मग परिस्थिती अशी झाली, की तुकड्याच्या मध्यभागी असा धातू बसला होता ज्यावर साधे ड्रिल नुसते घासून निळे पडत होते. गंजाने धरलेल्या तुकड्यावर एक्स्ट्रॅक्टर हा पहिला उपाय नव्हेच, कारण तो फसला तर पुढच्या प्रत्येक उपायाची वाट अडवतो. हे मी त्या दुपारी शिकलो.

उस्तादांनी काही न बोलता पंच घेतला, एक्स्ट्रॅक्टरचे बारीक तुकडे पाडून काढले आणि वेल्डिंगची तयारी केली. बॅटरीची तार काढली, आजूबाजूचे रबर आणि वायरिंग ओल्या कापडाने झाकले, आणि मी ब्रेक क्लीनरचा डबा उचलताच तो हातातून काढून घेतला. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा अंश राहिला तर वेल्डिंगच्या उष्णतेने विषारी फॉस्जीन वायू तयार होतो, हे त्यांनी नंतर सांगितले. तुकड्याच्या मध्यावर त्यांनी वेल्डचे थेंब एकावर एक चढवून तो पृष्ठभागाच्या वर आणला, त्यावर बोल्टापेक्षा एक माप लहान नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरला. दोनदा वेल्ड उखडला. तिसऱ्या वेळी लाली पूर्ण जाऊन धातू काळा पडेपर्यंत ते थांबले, आट्यांपाशी गंज सोडवणारे तेल सोडले आणि पाना प्रथम घट्ट करण्याच्या दिशेने किंचित हलवला. मग पाव फेरी मागे, थोडे पुढे, पुन्हा मागे. करकर आवाज करत तुकडा बाहेर आला. येथे काम करते ती मुख्यतः उष्णता: तुकडा तापून फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड तुटते.

असे जमले नाही, तर मध्यातून ड्रिल करत मोठे भोक पाडून आटे नव्याने काढावे लागतात. बारा मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांसाठी साडेदहा मिलिमीटरचे ड्रिल चालते. परंतु प्रत्येक गाडीचे आटे मोजूनच टॅप (आटे पाडणारे हत्यार) निवडावा, कारण त्याच व्यासात सव्वा आणि पावणेदोन मिलिमीटर अंतराचे आटेही येतात.

नवा बोल्ट बसवताना दर्जाचा आकडा पाहावा. 10.9 लिहिलेल्या बोल्टाच्या जागी 8.8 चा बसवू नये. पहिल्याची ताणशक्ती सुमारे 1000 मेगापास्कल, तर दुसऱ्याची 800 असते. ठराविक कोनात फिरवून आवळायचा बोल्ट पुन्हा वापरू नये. गंजरोधक लेप मी बोल्टाच्या गुळगुळीत भागावर पातळसा लावतो, आट्यांवर नाही, कारण आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या पिळाला) बोल्ट अधिक ताणला जातो.

शेवटची आवळणी मात्र चाक हवेत लटकत असताना करू नये. आर्मखाली जॅक घेऊन गाडी नेहमीच्या उंचीवर आणावी आणि मगच टॉर्क पाना लावावा, अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून नवा बुशही लवकर फाटतो. त्या गाडीवर मी नेमके हेच विसरलो होतो. अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) पाठवण्याआधी उस्तादांनी बोल्ट पुन्हा सैल करायला लावला, आणि सैल होताच आर्म बोटभर वर उचलला गेला.