दमून लिहिणं सुटलंय? मग असं परत सुरू करा

पहिली गोष्ट, वही उघडूच नका. आधी एका कागदावर यादी करा की आपण सध्या कुणाकुणाला हो म्हणून बसलोय. सोसायटीचा हिशोब, मंडळाची स्मरणिका, भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर (लिहिता येतं हे कळलं की लोक सगळं आपल्याच गळ्यात मारतात). त्यातलं एक काम याच आठवड्यात सोडा, आणि 'बघतो' म्हणायचं नाही, सरळ 'यंदा जमणार नाही' म्हणायचं. एवढं होत नाही तोवर पुढचं वाचून काही उपयोग नाही.

मग रोजची पंधरा मिनिटं काढा. पहाटे उठायचा सल्ला मला काही पटत नाही, कारण सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर, पिंप, घागरी यातच सकाळ जाते, तेव्हा त्या दिवशी लिहिण्याला सुट्टी. गड्ड्याच्या यात्रेत घरी पाहुणे असतात, तेव्हाही.

पहिले दोन आठवडे कथा-कविता बंद, नुसतं टिपून ठेवायचं. सिद्धेश्वर तलावाकाठी बसा, 'काय करलालास बे' ऐकलं तर तसंच उतरवा, पुस्तकी करू नका. पूर्व भागात यंत्रमागाचा आवाज ऐकून 'खटखट' लिहिलं आणि झालं असं नको, जरा थांबून बघा, धागा तुटला की कामगार माग बंद करतो, दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारतो, परत माग चालू, आणि त्याच्या भुवयांवर कापसाची लव बसलेली असते. असं एक दृश्य मिळालं की त्या दिवसाचं झालं.

अर्धवट राहिलेली जुनी कादंबरी तिसऱ्या आठवड्याच्या आत काढू नका. काढाल तेव्हा पण सगळी वाचत बसू नका, जे पान अजून आवडतंय तेवढंच घ्या आणि तिथून पुढं एक परिच्छेद लिहा.

दिवाळी अंकांचं टेन्शन घ्यायचं नाही. बरेच अंक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, पण १९०९ ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही परंपरा चालूय, यंदा आपलं नाव नसलं तर काही बिघडत नाही.

काहीतरी पुरं झालं की ग्रुपवर टाकू नका, तिथं सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. एकाच माणसाला द्या आणि विचारा, कुठं कंटाळा आला?