परड्यात उकरताना सापडलेला तपकिरी कोष कुणाचा, कसं ओळखायचं

वळवाचे एकदोन पाऊस झाले की आमच्या खानापूर साइडला सगळेच परड्यातली माती उकरायला घेतात, आणि मग खुरप्याला कधी ना कधी ते तपकिरी, चकचकीत, कॅप्सूलसारखं काहीतरी लागतंच. बरेचजण हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी समजून तिथंच चेचतात. थांबा की जरा! हुमणी पांढरट असते, वाकडी होऊन पडलेली, डोकं तपकिरी आणि पुढं सहा पाय स्पष्ट दिसतात. हे जे कडक कवचाचं सापडतंय ते बहुतेक वेळा पतंगाचा कोष असतं. फुलपाखरांचे कोष शक्यतो झाडावर, भिंतीवर लटकलेले असतात, मातीत शिरणारे जास्त करून पतंगच.

आधी तळहातावर घ्या, दाबू नका. जिवंत असेल तर मागची निमुळती शेपटी गोल गोल फिरते, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. मग पोटाची बाजू वर करून फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा. पुढच्या अर्ध्या भागावर डोळे, मिशा, पाय, पंख सगळं कोरल्यासारखं पण चिकटलेलं दिसलं की पतंग. पाय सुटे आणि अंग मऊ, पिवळट असेल तर भुंगेऱ्याचा कोष. आणि गव्हाच्या दाण्याएवढं, नुसत्या वळ्याच वळ्या, बाकी काही खूण नाही, तर ते माशीचं.

आता साईज. 5 सेंटीमीटरच्या आसपास किंवा मोठा असेल तर मोठ्या पतंगाचा, आणि हे ओळखायला मला सगळ्यात आवडतं. आपल्या बेळगाव भागात रताळी एवढी लावतात, त्या वाफ्यात सापडलेल्या मोठ्या कोषाच्या तोंडाकडं बघा, तांब्याच्या किटलीला कान असतो तसा एक वाकडा दांडा पोटाकडं वळलेला दिसतो. ती त्याच्या सोंडेची पिशवी! आत तयार होणाऱ्या पतंगाची सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब असते, ती सरळ मावत नाही म्हणून बाहेर वळवून ठेवलेली. शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी रताळ्याच्या वेलावर दिसते ना, तिचाच हा कोष. तीळ किंवा वांग्याजवळ तेवढाच मोठा, पण गुळगुळीत आणि कान नसलेला कोष मिळाला तर तो पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या पतंगाचा असू शकतो, तो पोळ्यातला मध चोरून पितो, सोंड आखूड, मग कान कशाला लागतोय. कण्हेर-तगरीखालच्या पाचोळ्यात फिकट, बाजूला काळे ठिपके असलेला लांबट कोष दिसला तर तो हिरव्या नक्षीच्या कण्हेरी पतंगाचा. हे तिन्ही मारू नका, अगदी हात जोडून सांगतो. परड्यातल्या चार झाडांचं असं काय मोठं नुकसान होणाराय.

लहान, दीड ते दोन सेंटीमीटरचे लालसर तपकिरी कोष मात्र वेगळी गोष्ट. शेपटीच्या टोकाला दोन बारीक काटे असतात, पण घाटे अळी की तंबाखूवरची पानं खाणारी अळी हे नुसत्या डोळ्यानं सांगणं अवघड, म्हणून वर कुठलं पीक होतं ते बघा. हरभरा, तूर, टोमॅटो असेल तर घाटे अळीची शक्यता जास्त. निपाणीकडं तंबाखू, सोयाबीन, भुईमूग असेल तर दुसरी. मक्याच्या खाली असेल तर अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात पहिल्यांदा 2018 साली आपल्याच कर्नाटकात सापडली. असे ढिगानं निघाले तर औषध मारत बसू नका, औषध कोषाच्या कवचातून नीट जात नाही. पीक काढल्यावर जमीन खोल नांगरून उन्हात तापू द्या, मैना आणि बगळे मागं मागं येऊन सगळं टिपतात.

खात्री करायचीच असेल तर पाळून बघा. बरणीत चार बोटं ओलसर माती घाला, चिखल नको, कोष वर आडवा ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, आणि एक खरबरीत काटकी उभी ठेवायला अजिबात विसरू नका. मी पहिल्या वेळी काटकी ठेवली नव्हती. रताळ्याचा पतंग रात्री बाहेर आला, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येईना, पंख लटकवून पसरायला जागाच मिळाली नाही, आणि सकाळी बघतो तर पंख चुरगळलेल्या कागदासारखे वाळून गेलेले. पोटावरचे गुलाबी पट्टे मात्र एकदम ताजे होते. अजून वाईट वाटतं त्याचं.

गरमीत मोठा कोष साधारण 2 ते 3 आठवडे घेतो, लहान त्याच्या आधीच फुटतो. हलका लागला, हलत नसला, बारीक भोक दिसलं तर आत दुसऱ्याच माशीनं किंवा गांधीलमाशीच्या जातीनं घर केलेलं असतं, तो बाजूला ठेवा. रंग एकदम काळपट पडला आणि कवचातून पंखाची नक्षी दिसायला लागली की एकदोन दिवसच राहिले समजा. बाहेर आल्यावर दिवसभर हात लावू नका, आणि अंधार पडल्यावरच सोडा, उजेडात सोडलात तर बुलबुल आणि कोतवाल टपूनच असतात.