व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करताय? या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्ह सेट, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे रेडिओ, अजूनही अधूनमधून दिसतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "चालू आहे साहेब!" घेणारा घरी येतो आणि आधी प्लग लावतो. बरेच सेट तिथेच मरतात. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, कागदी कंडेन्सरांत दमट हवा शिरलेली असते, वायरींवरच्या रबराचा भुगा झालेला असतो. एकदम २३० व्होल्ट मिळाले की रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) जातो, नाहीतर मेन्स ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर गेला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घालण्यापेक्षा तो वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतलेला बरा.

म्हणून पहिल्यांदा सिरीज बोर्ड. साठ वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावायचा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरकडेही बघा. तो २०० किंवा २२० वर असेल तर सर्वांत वरच्या खाचेत न्या.

आता जिवाशी गाठ असलेली चूक. एसी/डीसी सेटमध्ये (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) मेन्सची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर! असा सेट ओळखायचा कसा? व्हॉल्व्हचे नंबर वाचा. यूसीएच, यूबीएफ, यूसीएल, यूवाय असे 'यू'ने सुरू होत असतील तर सावध व्हा. आत ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, काही सेटमध्ये तो नुसता ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, एकाच वाइंडिंगचा, मेन्सला जोडलेलाच. व्होल्टेज कमी-जास्त करायचा व्हेरिॲकही तसाच, त्याने मेन्सपासून सुटका होत नाही. सिरीज बल्बनेही नाही. त्यासाठी सेटला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा. तो लावल्यावर घरातला आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) मदतीला येणार नाही, हेही लक्षात ठेवा. चालू सेटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायची जुन्या मेकॅनिकांची सवय उगाच नाही.

प्लग काढला म्हणजे धोका संपला, असंही नाही. डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याचा मर्दपणा नको. ४.७ किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मीटर लावून खात्री करा.

आवाज फाटका येतोय, आउटपुट व्हॉल्व्हची (स्पीकर चालवणाऱ्या) आतली प्लेट लालबुंद होतेय, अशा वेळी लोक नवा व्हॉल्व्ह आणतात, आणि तोही तापतो. गुन्हेगार बहुधा त्याच्या ग्रिडवरचा (सिग्नल आत जातो त्या पिनवरचा) कपलिंग कंडेन्सर असतो. छोटासा, पण लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं. ईएल८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चासीच्या तुलनेत शून्य किंवा निगेटिव्ह दिसायला हवं. पॉझिटिव्ह दिसलं तर तेवढ्याच मूल्याचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर टाका. माझं मत विचाराल तर हा न तपासताच बदलावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळण्यापेक्षा स्वस्त पडतो. फिल्टर कंडेन्सर बदलताना मात्र "मोठा टाकला की घुरघुर जाईल" हा हिशेब नको. ईझेड८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नये. मेन्सच्या दोन वायरींमध्ये असलेला कंडेन्सर एक्स२ प्रकारचाच, म्हणजे मेन्ससाठी बनवलेला सुरक्षित प्रकारच, घ्या. स्पीकर सोडवून सेट चालवू नका.

स्टेशन लागत नाही म्हणून आयएफटीचे (आतल्या ट्यूनिंगच्या कॉइल-डब्यांचे) स्क्रू फिरवणाऱ्यांना काय म्हणावं! ते क्वचितच आपोआप हलतात, आणि एकदा फिरवले की सिग्नल जनरेटरशिवाय जागेवर आणणं कठीण. डायलची काचही मागून ओल्या फडक्याने पुसू नका, अक्षरं फडक्यावर येतात.

नुसती खरखर असेल तर आधी घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून बघा. मग आकाशवाणीच्या पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ शोधा. डायलवर तरंगलांबीचे आकडे (मीटरमध्ये) असतील तर ते ३७९ च्या आसपास येतं. तिथे आवाज स्वच्छ झाला, तर सेट उघडायची गरज नाही.